तोडबाई

आमच्या लॅबमध्ये सगळ्यांचं काम जोडायचं, पण बाई सकाळी आल्या की आधी काहीतरी तोडायच्या. डबा खुंटीला अडकवायचा, सगळ्यांना मिळून एकच खणखणीत "जयभीम" घालायचा आणि स्टूल ओढून वेल्डिंगच्या मशीनसमोर बसायचं. स्टीलच्या पातळ पट्टीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून मशीनच्या तांब्याच्या टोकांमध्ये धरायचे, पायानं पॅडल दाबायचं. टक्. जोड झाला. मग दोन हातांत दोन पकडी घेऊन बाई तो जोड फाडायला बसायच्या. हलकेच ओढून बघणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. दातओठ खाऊन फाडायच्या. पट्टी फाटली आणि जोड राहिला, तर दिवस सुरू. जोड सुटला, तर कानशीनं मशीनची टोकं घासायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

तोडबाई हे नाव कुणी ठेवलं ते मला माहीत नाही. मी लागले तेव्हा ते लागलेलंच होतं. फोन वाजला की बाई स्वतःच उचलून "तोडबाई बोलतीय" म्हणायच्या, आणि समोरचा माणूस पुन्हा नाव विचारायचा. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. मशीन तेच आहे, स्टूल तेच आहे, आणि सकाळचं तोडायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आमची लॅब म्हणजे औरंगपुऱ्यात वाकडे दात सरळ करणाऱ्या एका दवाखान्याचा वरचा मजला. खाली मॅडम पेशंटची तोंडं बघायच्या, वर आम्ही प्लास्टरचे साचे बघायचो. दाढेभोवती अंगठीसारखी बसणारी स्टीलची पातळ कडी, तिला आम्ही बँड म्हणतो, ती साच्यावर बेतायची. तिच्यावर तार, हूक, नळी, काय लागेल ते वेल्ड करायचं. सगळं मिळून पाच रुपयाच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं काम. बाई त्याआधी चितेगावच्या एका कारखान्यात पत्र्याच्या पेट्यांचं वेल्डिंग करायच्या. कारखाना बंद झाला तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. काळीपिवळी जीपमध्ये बसून सरळ इथं आल्या आणि काम मागितलं. मॅडमनी विचारलं, "दातांचं काम केलंय का कधी?" बाई म्हणाल्या, "माझे दात हायत की. आन् स्टीलला कुठं ठावं असतंय, पेटीत चाललोय का तोंडात?"

पहिल्या महिन्यात बाईंनी चाळीसेक बँडना भोकं पाडली. हे त्यांनीच सांगितलेलं. पेटीच्या पत्र्याला लागणारी आग या कागदासारख्या पट्टीला कशी सोसणार? पण बाई हटल्या नाहीत. ती जळकी भोकं, ते सुटलेले जोड त्यांनी काचेच्या एका लोणच्याच्या बरणीत भरून ठेवले, आणि बरणी मशीनशेजारी मांडली. पुढं जो कुणी लॅबमध्ये आला त्याचा पहिला तुटलेला जोड त्या बरणीत जायचा. नाव-गाव काही लिहिलेलं नसायचं, पण कुठला तुकडा कुणाचा हे बाईंना तोंडपाठ. मी माझ्या बत्तिसाव्या वर्षी, दुसऱ्या लॅबमध्ये कवळ्या करण्यात सात वर्षं घालवून आले होते. मला वाटत होतं, मला येतं. पहिल्या दिवशी बाईंनी माझे अकरा बँड फाडले. मी डबा घेऊन जिन्यात जाऊन बसले आणि रडले. बाई दारात आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रडून झालं की बारावा कर." बारावाही तुटला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

तेलाशी त्यांचं हाडवैर होतं. बोटाचा ओशटपणा स्टीलला लागला की जोड धरत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा स्पिरिटनं पुसून चिमट्यानंच उचलायचा. मी रविवारी डोक्याला तेल लावते हे त्यांना सोमवारी वासावरून कळायचं. "तेलाच्या बोटानं वात लागती, जोड नाय लागत," म्हणून मला दोनदा हात धुवायला पाठवायच्या. मी धुऊन आले की हातांचा वास घ्यायच्या. शाळेत मास्तरीण नखं बघायची तसं मला वाटायचं, आणि मी मुद्दाम ओले हात त्यांच्या नाकाशी न्यायची.

दुसरं त्यांचं पालुपद, "साच्याला दुखत नाय." आमच्या मांडण्यांवर ओळीनं प्लास्टरचे जबडे ठेवलेले असायचे. प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलनं नाव आणि गाव. पैठण, कन्नड, फर्दापूर. आम्हाला तालुक्यातालुक्यातले दात ओळखू यायचे, चेहरा मात्र एकही माहीत नव्हता. साचा कधी ओरडत नाही, त्याच्या गालाला जखम होत नाही. म्हणून बाई तयार झालेला प्रत्येक बँड जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यावरून फिरवायच्या. एक धागा जरी अडकला तरी काम परत यायचं. "धागा अडकला म्हंजी गाल फाटणार. ते पोरगं शाळंत जातंय, जेवतंय, हसतंय. तुला काय, तू घासून मोकळी."

आणि एक गोष्ट मला सुरुवातीला मुळीच पटत नव्हती. माझी नणंद पैठणला पैठणी विणते. तिचं काम लोक कपाटात जपतात, लेकीला देतात. आम्ही केलेलं काम वर्ष-दोन वर्षं तोंडात राहतं, मग मॅडम ते कापून काढतात आणि ते कचऱ्यात जातं. घरचे विचारायचे, तू करतेस ते दाखव तरी एकदा. काय दाखवणार? मी एकदा बाईंकडे हे रडगाणं गायलं. त्या तांब्याचं टोक घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपलं काम कचऱ्यात गेलं म्हंजी पास झालं. जे तोंडात तुटतं ते परत येतं. परत आलं नाय, कचऱ्यात गेलं, की टाळी वाजवायची."

नाझियाचं काम दोनदा परत आलं.

नाझिया दहा वर्षांची, खुलताबादची. जन्मतः टाळू आणि हिरडी दुभंगलेली. लहानपणी ओठ आणि टाळू शिवून झाले होते. आता हिरडीतल्या फटीत हाड भरायचं होतं. त्याआधी आखडलेला वरचा जबडा रुंद व्हायला हवा, म्हणून दोन दाढांना दोन बँड आणि त्यांच्यामधून टाळूवर वळसे घेत जाणारी जाड तार बसवायची. ती तार स्प्रिंगसारखी रोज कणाकणानं जबडा फाकवते. बाहेरगावचे सर्जन ठरलेल्या आठवड्यात शहरात यायचे. तोवर जबडा तयार नसला तर पुढची पाळी वर्षानं, आणि तोवर सुळा हाड नसलेल्या फटीत उतरला तर तोही हातचा जाणार. हे सगळं मॅडमनी स्वतः वर येऊन आम्हाला समजावलं होतं. हातात पाच महिने होते. काम माझ्या टेबलावर आलं, मी ते केलं, बाईंनी पकडीनं ओढलं, पास केलं.

तिसऱ्या आठवड्यात तार तुटली. मुलीनं काहीतरी कडक खाल्लं असणार, असं मॅडम म्हणाल्या. असं होतं, चणे, चिक्की, हाडं, मुलं काही ऐकत नाहीत. मी दुसरी केली, या खेपेला आणखी जपून. बाईंनी ओढली, पास केली. तीही तिसऱ्याच आठवड्यात तुटली.

मॅडम दोन्ही तुटके तुकडे एका डबीत घालून वर आल्या. कधी नव्हे त्या चिडल्या होत्या. म्हणाल्या, "दोन महिने गेले यात. आता मी हे पुण्याहून करून मागवते." बाई उठून उभ्या राहिल्या. मॅडमपुढे त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "आठ दिवस द्या, मॅडम. पुण्याचं तुटलं तर का तुटलं हे कोण सांगणार? हितलं का तुटलं ते मी सांगते." मॅडमनी कॅलेंडर बघितलं आणि आठ दिवस दिले.

बाईंनी भिंग लावलं. मी शेजारी बसले होते, आणि काय सापडणार ते मला थोडं थोडं माहीत होतं. बराच वेळ त्या तुकडे उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जोड शाबूत हाय. दोन्ही खेपेला तिळाएवढी जागा सोडून तुटलंय. शेजार मेलाय." भिंग खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वेल्ड मारल्यावर निळं पडलं व्हतं का?"

"हो."

"दोन्ही बारी?"

"हो."

"मग घासलंस?"

"रबराच्या चाकानं. चकचकीत केलं."

स्टील फार तापलं की निळं पडतं, आणि निळं पडलं की त्याचा जीव जातो. त्यातली स्प्रिंग मरते, मग ते आठ-पंधरा दिवस वाकतं आणि एक दिवस साध्या भाकरीच्या घासानं मोडतं. हे मी शिकलेली होते. तरी दोन्ही वेळा मशीनचं बटण दोन घरं पुढं सरकवलं, आणि निळं घासून टाकलं. बाईंनी विचारलं, "का गं?" मी खरं ते सांगितलं, "तुम्ही ओढाल म्हणून. जास्त आग दिली की जोड तुमच्या पकडीत सुटत नाही."

मला वाटलं, आता लोणच्याच्या बरणीसकट सगळं अंगावर येणार. बाईंनी दोन्ही पकडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तुटलं ते माझ्या पकडीच्या भ्यानं. माझी पक्कड जोडच बघती, शेजार बघतच नाय. इतकी वर्सं मी अर्धीच परीक्षा घेती." त्या क्षणी मला त्यांची फार माया वाटली आणि स्वतःची फार लाज वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण त्या हळहळत बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. "चल खाली," म्हणाल्या. "पोरगी आलीय ना आज?" आम्ही लॅबवाले खाली जात नसतो, तसा रिवाज नाही. पेशंट मॅडमचे, साचे आमचे. मी म्हटलं, "बाई, वरूनच मॅडमना सांगू या की." बाई म्हणाल्या, "साच्याला सांगायचं असतं तर हितंच सांगितलं असतं." आणि ॲप्रनसकट जिना उतरायला लागल्या.

नाझिया खुर्चीत बसली होती. किरकोळ, दोन वेण्या, ओठावर शिवलेल्याची बारीक रेघ. तिची आई दाराशी उभी होती. आम्हाला बघून तिला वाटलं आम्ही कुणी मोठ्या बायका असणार; ती आपणहून बोलायला लागली, "क्या करूं बाजी, मैं इसकू दो दफा मारी. छुप के कुछ तो बी कडक खाती ये." मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. बाईंनी मला कोपरानं ढोसलं. बाई थांबल्या. किती थांबल्या देव जाणे, पण माझ्याऐवजी बोलल्या नाहीत.

"इसने कुछ नहीं खाया," मी शेवटी म्हणाले. "तार मैंने जलाई थी. गलती मेरी है."

नाझियानं मान वर केली. नाकातून येणाऱ्या तिच्या आवाजात ती आईला म्हणाली, "मैं बोली थी ना अम्मी. कुच नै खाई. रोटी बी भिगो के खाई." आई तिच्याकडे बघतच राहिली आणि मग तिनं तिचं डोकं पोटाशी धरलं. मॅडम हातातला आरसा तसाच धरून उभ्या होत्या. कडक खाल्लं असणार, असं पहिल्यांदा त्याच म्हणाल्या होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, "आठातला एक दिस गेला. सात हायत," आणि जिना चढायला लागल्या.

पुढचे चार दिवस बाईंनी नुसते तुकडे केले. बटणाच्या प्रत्येक घराला दहा-दहा जोड मारायचे. आधी पकडीनं ओढायचे, मग जोडाशेजारची तार वाकवून सोडायची आणि ती टुणकन जागेवर येते का बघायची. जी वाकडीच राहिली ती मेली. ओढल्यावरही टिकेल आणि शेजारही जिवंत राहील अशी जागा बटणावर गव्हाच्या दाण्याएवढी निघाली. ती सापडल्यावर त्यांनी माझ्या पर्समधलं नेलपॉलिश मागून घेतलं आणि तिथं लाल ठिपका दिला. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईंनी आपली परीक्षा बदलली. लॅबमधल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आजपासून दोन गोष्टी. जोड वढायचा, शेजार वाकवायचा. आन् निळं पडलं तर मला आणून दाखवायचं. जो घासंल त्याला मी घासंन."

पाचव्या दिवशी मी म्हटलं, "बाई, नाझियाचं तेवढं तुम्हीच करा." त्या माझ्या अंगावरच आल्या. "मी का करू? चूक तुझी, तार बी तुझीच. माझ्या हातानं टिकली तर तुला काय कळणार?" मी तीन तारा केल्या. दोन त्यांनी वाकवून फेकल्या. तिसरी त्यांनी ओढली, वाकवली, साडीच्या तुकड्यावरून फिरवली, पुन्हा वाकवली. मग डबीत ठेवली आणि म्हणाल्या, "ने खाली. तूच ने."

ती तार टिकली. सर्जन आले तोवर जबडा पुरेसा रुंद झाला होता. जेमतेम, मॅडम म्हणाल्या, पण झाला होता. ऑपरेशन झालं. भरलेलं हाड धरेपर्यंत तार तशीच तोंडात ठेवायची होती. आणि त्या मधल्या काळात, एका सकाळी, काळीपिवळीसाठी उभं राहायच्या आधीच, बाईंना घरात लकवा मारला. उजवा हात आणि उजवा गाल गेला. जीव वाचला. काम संपलं. मी दोनदा भेटून आले तेव्हा त्या माझ्याशी धड बोलल्याही नाहीत; हाताकडे बघत बसायच्या. "तार?" एवढं एकच विचारायच्या. मी सांगायची, "आहे अजून तोंडात." मग मान हलवायच्या.

नाझियाची तार काढली त्या दिवशी मी खाली जाऊन उभी राहिले. आता मला कुणी अडवत नव्हतं. मॅडमनी बँड कापले, सगळं ट्रेमध्ये टाकलं. मुलीनं जीभ टाळूवर फिरवली आणि हसली. मी ती तार मागून घेतली, स्वच्छ उकळून घेतली आणि दुपारची सुट्टी काढून पैठण रोडनं चितेगावला बाईंच्या घरी गेले. बरोबर दोन पकडी घेतल्या होत्या.

बाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या, मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. सून घेवडा निवडत होती. मी तार त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरली. सगळ्यात आधी जोडाशेजारी निळं शोधलं. मग म्हणाल्या, "पक्कड." डाव्या हातात पक्कड देऊन दुसरं टोक मी धरलं. त्यांनी ओढलं. जोड हलला नाही, पण त्यांचा हातही थरथरत होता आणि ते त्यांना कळत होतं. त्यांनी पक्कड माझ्याकडे ढकलली. "माझ्या वढण्यावर नको जाऊ. तू वढ."

मी ओढलं.

"लाडानं वढतीस व्हय?" अर्ध्या तोंडातून शब्द घसरत होते, पण आवाज तोच होता. "कुणाला फसवती? मला का त्या पोरीला?"

मग मी जमिनीवर बसले, पाय भिंतीला लावले, दोन्ही पकडी घट्ट धरल्या आणि दातओठ खाऊन ओढलं. तुटावं तर आत्ता तुटावं, असं मनात म्हणत ओढलं. सूनबाईंनी घेवडा निवडायचा थांबवला. जोड सुटला नाही. जोडाशेजारी तार वाकवून सोडली. ती टुणकन परत आली. बाईंनी ते दोनदा करायला लावलं.

मग त्या हसल्या. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण मला हसू दोन्ही बाजूंना दिसलं. मला वाटलं, आता तार त्या ठेवून घेतील, किंवा मला म्हणतील, जपून ठेव. खरं तर ते ऐकायलाच मी गेले होते.

"झालं," त्या म्हणाल्या. "टाकून दे आता."

मी जागची हलले नाही. त्यांनी डाव्या हातानं ओसरीच्या कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा दाखवला. मी उठले आणि तार त्यात टाकली, चहाच्या चोथ्यावर, घेवड्याच्या शिरांवर. बाईंनी खुर्चीतून वाकून बघितलं, पडली का ते.